मवाळ आणि डावे

शब्दांनाही साडेसाती असते. 'उदारमतवादी' आणि 'डावा' या दोन शब्दांची सध्या ती चालू आहे. गेल्या दिवाळीत आमच्याच घरी फराळाला बसलो असता माझे वडीलबंधू आमच्या भाच्याला म्हणाले, "पुण्याला कॉलेजात गेल्यापासून तू अगदी डावा झालास रे!" भाचा म्हणाला, "नाही हो मामा, मी उदारमतवादी आहे." त्यावर दादांनी चकली मोडली आणि निकाल दिला, "दुकान एकच. पाटी वेगळी." सगळे हसले, बहिणीने चिवडा पुढे केला आणि विषय तिथेच संपला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. दिवसा मुलांचे निबंध तपासायचे आणि रात्री कादंबरीचे कागद खरडायचे, अशी माझी दिनचर्या आहे. निबंधात कोणी 'आळस' आणि 'विश्रांती' एकाच अर्थाने लिहिले, तर मी तांबड्या शाईने रेघ मारतो. मग घरात दादांनी केलेली ही चूक तशीच का सोडावी? आणि खरे सांगायचे तर, भाच्याला तरी आपण स्वतःला जे म्हणवतो त्याचा अर्थ नीट ठाऊक होता का, याचीही मला शंका आहे.

पहिली अडचण या शब्दांतच आहे. मराठीत 'उदार' म्हटले की आपल्याला दानशूर कर्ण आठवतो. त्यामुळे उदारमतवादी म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणारा, असा काहीसा ग्रह होऊन बसतो. 'डाव्या'ची गत त्याहून वाईट. डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराला आजी दटावते. ज्याला टाळायचे त्याला आपण डावलतो. वस्तुतः राजकारणातला 'डावा' हा बसण्याच्या जागेवरून आलेला शब्द आहे. १७८९ मध्ये फ्रान्सच्या सभेत राजाची सत्ता कमी करू पाहणारे सभासद अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसू लागले, एवढेच त्याचे मूळ.

उदारमतवाद्याला आपल्या आजोबा-पणजोबांनी नाव दिले ते 'मवाळ'. आम्हा मावळातल्या लोकांना या शब्दाची गंमत वाटते, कारण एका कान्याची जागा बदलली की मावळाचा मवाळ होतो. इथे एक गोष्ट मात्र सांभाळली पाहिजे. मवाळांच्या समोर त्या काळी उभे होते ते जहाल, आणि जहाल म्हणजे डावे नव्हेत. इंग्रज सरकारशी अर्ज-विनंत्यांनी वागावे की दोन हात करावेत, हा मवाळ-जहालांचा वाद होता. मवाळ आणि डावे यांचा वाद त्याहून खोल जातो. माणसाच्या दुःखाचे मूळ कोठे शोधावे, हा तो वाद आहे.

मवाळ मनाचा एक नमुना आमच्या लोणावळ्याशीच जोडलेला आहे. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि नंतर पाहुण्यांना चहा देण्यात आला. चहाला हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि मिशनऱ्यांच्या चहाने धर्म बुडाला म्हणून पुण्यात गहजब उडाला. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. पुढे १८९२ च्या उन्हाळ्यात रानडे कुटुंबासह लोणावळ्याला राहिले असता, त्याच प्रकरणात सापडलेल्या एका स्नेह्याच्या घरची अडचण त्यांच्या कानावर आली. रानडे पुण्याला गेले, प्रायश्चित्त घेतले आणि लोणावळ्याला परतले. रमाबाईंनी आपल्या 'आठवणीं'त हा प्रसंग लिहिला आहे.

चहा पिण्यात पाप नाही हे रानड्यांना पक्के माहीत होते. तरीही एका मित्राच्या घरात क्लेश नको, समाजाशी संबंध तोडून सुधारणा व्हायची नाही, म्हणून त्यांनी मान तुकवली. कोणी याला भित्रेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. समाज म्हणजे समजूत घालता येणाऱ्या माणसांचा समूह आहे, अशी मवाळाची श्रद्धा असते. माणूस आज चुकतो. त्याला दाखवून दिले, शिकवले, थोडा वेळ दिला, तर उद्या तो सुधारेल. म्हणून मवाळ कायदा, शाळा, सभा, अर्ज आणि पुस्तक ही साधने धरतो, आणि साधन मळू नये म्हणून जपतो. त्याच्या लेखी अन्याय हा नियमाला झालेला अपवाद असतो.

याच श्रद्धेतून मराठीतली एक थोर कादंबरी जन्मली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. यमू आपली कहाणी आपणच सांगते. तिचे बालपण, लग्न, थोडे सुख, मग वैधव्य आणि जबरीचे केशवपन, हे सारे घरोघरच्या आयाबहिणींनी त्या काळी डोळे पुसत वाचले असेल. मला या कादंबरीत सर्वांत बोलका वाटतो तो तिचा मथळाच. तो एक प्रश्न आहे, आणि तो वाचकाला विचारलेला आहे. कोणीतरी लक्षात घेतले, तर हे थांबेल, असा विश्वास त्या प्रश्नाच्या पोटात आहे. मवाळांचे सगळे तत्त्वज्ञान मला त्या तीन-चार शब्दांत दिसते. त्याची ताकदही तिथेच आहे. यमूचा चेहरा हरिभाऊंनी एका क्षणासाठीही हरवू दिला नाही. 'विधवांचा प्रश्न' म्हणून तिची मोळी बांधून टाकली नाही.

पण त्या श्रद्धेची मर्यादाही तिथेच आहे. वाचक लक्षात घेईपर्यंत यमू थांबू शकत नाही. वाट पाहण्याची किंमत तिला भरावी लागते, वाचकाला नाही.

शाळामास्तराला याचा दुसरा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ साली मांडले. भाषा सौम्य, मागणी माफक, आकडे चोख. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. देशभर लागू होणारा शिक्षणहक्काचा कायदा संमत झाला २००९ मध्ये, आणि अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांचे म्हणणे अखेर सर्वांना पटले. मवाळांचा विजय झाला, असे म्हणता येईल. परंतु मधल्या ९९ वर्षांत ज्यांच्या हाती पाटी आली नाही, त्या पिढ्यांनी कोणाकडे दाद मागायची?

नेमका हाच प्रश्न डावा विचारतो. त्याचा सूर समजून घ्यायचा तर लोणावळ्याच्या पाण्याबरोबर घाट उतरायला हवा. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी निघाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे धरणे बांधून मावळचा पाऊस अडवला गेला. ते पाणी नळांतून १७०० फुटांच्या आसपास खाली कोसळून खोपोलीची चक्रे फिरवू लागले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आमच्या डोंगरातले पाणी गेले, आणि त्याच गिरण्यांत कामाला कोकणातली व घाटावरची माणसेही गेली. पावसाळ्यात वळवणच्या भिंतीवर उभे राहून कणीस खाणाऱ्या पाहुण्याला हे सांगितले, तर तो जरा चमकतो.

त्या गिरणगावात दोन मराठी माणसे कामगारांसाठी झटत होती. एक नारायण मल्हार जोशी. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद, १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे, १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले. दुसरे श्रीपाद अमृत डांगे. वयाची पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, १९२१ साली, 'गांधी विरुद्ध लेनिन' हे पुस्तक लिहून मोकळे झालेले. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आणि १९२६ चा कामगार संघटनांचा कायदा यांमागे त्यांची चिकाटी होती. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराच्या हाती काही रक्कम पडावी, संघटना काढली म्हणून कोणावर खटला होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. डांग्यांचे म्हणणे असे की, बोटांची किंमत ठरवता आहात हे ठीक. पण यंत्र कोणाचे, आणि त्याचा वेग कोण ठरवतो, हे कोणी विचारायचे?

दोन्ही प्रश्न खरे होते, हे १९२८ च्या संपाने दाखवले. एका कामगारावर जास्त माग आणि चात्या लादण्याचा व मजुरी कमी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार एप्रिलच्या अखेरीस गिरण्यांबाहेर पडले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, जवळजवळ सहा महिने, बाहेर राहिले. संपाच्या संयुक्त समितीत जोशी आणि डांगे शेजारी शेजारी बसले. संपाच्या ऐन धुमाळीत डांग्यांची गिरणी कामगार युनियन वाढत वाढत सर्वांत मोठी झाली, आणि संप मिटला तो चौकशी समिती नेमण्याच्या तडजोडीवर. म्हणजे लढ्याचे बळ डाव्यांचे होते, आणि तो थांबवण्याची वाट मवाळांची.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर घालवता यावे म्हणून सरकारने सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणले. कायदेमंडळात मते समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपले निर्णायक मत विरोधात टाकून ते पाडले. 'कायदा कोणाचा?' असे खिजवून विचारणाऱ्यांना त्या दिवशी कायदेमंडळाच्या नियमानेच आसरा दिला. पण तो पुरला नाही. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी डांगे आणि त्यांचे सहकारी पकडले गेले. वर्षअखेरीस नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. सरकारच्या कामगार आयोगावर बहिष्कार घालावा, असे डाव्यांचे मत. आयोगाचे सभासद असलेले जोशी म्हणत की, तिथे जाऊन सांगितल्याशिवाय कामगाराचे हाल कोणाला कळणार? इथेही तोच हरिभाऊंचा प्रश्न ऐकू येतो. लक्षात कोण घेतो? १९४० साली फुटलेली संघटना पुन्हा एक झाली आणि तिचे सरचिटणीस झाले ते जोशीच. भांडणाऱ्या भावांना एकमेकांची गरज कळायला ११ वर्षे लागली.

डाव्या दृष्टीचे मराठी कादंबरीतले अपत्य म्हणून मी अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'कडे बोट दाखवीन. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. अण्णा भाऊ वाटेगावचे; मुंबईत येऊन गिरणगावात राबलेले, आणि लाल बावटा कलापथकातून गायलेले. फकिराच्या मथळ्यात प्रश्न नाही, नुसते एक नाव आहे. दुष्काळात माणसे तडफडत असताना धान्य कोठारात पडून राहते. फकिरा कोणी लक्षात घेण्याची वाट पाहत नाही, कोठार फोडतो. चोर कोण, धान्य नेणारा की कोंडून ठेवणारा, असा डावा सवाल त्या कृतीत आहे. इथे अन्याय अपवाद नाही. व्यवस्था जशी चालायला हवी तशी चालली आहे, म्हणूनच माणसे मरत आहेत.

या दोन कादंबऱ्या आडव्या-उभ्या वाचताना मला मात्र एक वेगळीच गोष्ट दिसते. हरिभाऊ एका यमूचे चरित्र सांगत असता, घराच्या किल्ल्या कोणाकडे, पैसा कोणाच्या हाती, कोणी कोणासमोर बोलायचे, याचा सबंध हिशेबच मांडून ठेवतात. तो हिशेब एखाद्या डाव्यानेही मान्य करावा इतका कडक आहे. उलट अण्णा भाऊंची कादंबरी संपते ती एका माणसाच्या सदसद्विवेकावर. आपल्यापायी आपली माणसे कोंडली गेली, हे सहन न होऊन फकिरा स्वतः हजर होतो. वर्गाचे गणित तिथे बाजूला राहते आणि एका माणसाचे काळीज बोलते. या कादंबरीला प्रस्तावना लिहिली ती वि. स. खांडेकरांनी, हे मला योगायोगाचे वाटत नाही. चांगली कादंबरी आपल्या लेखकाच्या पक्षापेक्षा थोडी जास्त शहाणी असते.

मग हे दोन पंथ मिळून माणसाचे सगळे दुःख पाहतात का? इथे मला पुन्हा घाट चढून वर यावे लागते. आमच्या शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पन्नासच्या आसपास गावांचा प्रश्न होता. पुण्याच्या पुढाऱ्यांत, भरपाई वाढवून मिळवावी की जमीनच सोडू नये, असे दोन तट होते. जमीन कागदावर पुष्कळ ठिकाणी सावकाराच्या नावची, आणि घाम मावळ्याचा. भरपाई नियमाने दिली तरी ती कागद ज्याचा त्याला जाणार; कसणाऱ्याचे काय? हे दाखवायला डावी नजरच हवी. मवाळाचा न्याय इथे कागदाशी येऊन थांबतो.

पण डाव्यांनीही छाती फुगवू नये. विजेचे वेड दोघांनाही सारखेच होते. रानडे उद्योगधंद्यांची वाट पाहत होते, आणि लेनिनने तर साम्यवादाच्या व्याख्येतच देशाचे विद्युतीकरण बसवले होते. कारखाना मालकाचा असो की मजुरांचा, तो चालवायला पाणी हवेच. आणि ते ज्याच्या भातखाचरावर साठवायचे तो शेतकरी दोन्ही पोथ्यांत समासात पडला. मुळशीकरांच्या बाजूने शेवटपर्यंत उभे राहिले ते सेनापती बापट, जे दोन्ही पंथांत नीट बसत नाहीत. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामावरची आगगाडी अडवून शस्त्र चालवले आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण व्हायचे ते झालेच.

हे जुने झाले, असे कोणी म्हणू नये. ९ ऑगस्ट २०११ रोजी आमच्या मावळात बऊरजवळ, पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्यानंतर काही दिवसांनी नागरिकशास्त्राच्या तासाला मी आंदोलनाचा हक्क शिकवीत होतो. शांततामय मार्ग, सनदशीर निवेदन, चौकशीची मागणी, असे मी फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुर्जी, पण पाणी कोणाचं, ते नाही लिहिलं."

मी फळ्यावर पाहिले. त्याचे म्हणणे खरे होते. धडा संपूर्ण मवाळाचा होता, कारण मास्तरही मवाळच. मी लिहिलेले काही पुसले नाही. गोळी कोणाच्या हुकमाने सुटली, नियम पाळला गेला का, याची चौकशी झालीच पाहिजे. ती मागणारा मवाळ नसेल, तर पुढची गोळी सुटायला वेळ लागत नाही. पण त्याखाली मी त्याचा प्रश्नही लिहिला. उत्तर मला आले नाही, आणि येत असल्याचा आव मी आणला नाही.

तेव्हापासून फरक ओळखण्याची एक साधी कसोटी मी वापरतो. मवाळ विचारतो, हे कोणी लक्षात का घेत नाही? डावा विचारतो, याचा मालक कोण? पहिल्याची चूक होते ती वेळेच्या हिशेबात. तो थांबायला सांगतो, आणि थांबण्याची किंमत यमूला भरावी लागते. दुसऱ्याची चूक होते ती घाईत. इतिहास आपल्या बाजूला आहे असे एकदा ठरले की, वाटेत सापडलेला एकटा माणूस त्याला अडथळा वाटू लागतो. १९७५ साली आणीबाणी आली, तेव्हा डांग्यांच्या कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला. त्यातून १९६४ साली वेगळा झालेला मार्क्सवादी पक्ष विरोधात राहिला, हेही नमूद केले पाहिजे. पण त्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी निर्भयपणे उभ्या राहिल्या त्या दुर्गाबाई भागवत. त्यांच्यापाशी ना पक्ष, ना संघटना. एकट्या माणसाच्या बोलण्याला किंमत आहे, एवढ्या जुन्या मवाळ श्रद्धेवर त्या उभ्या होत्या. आणि त्या दिवशी ती श्रद्धा मुळीच मवाळ दिसत नव्हती.

म्हणून दादांना माझे सांगणे आहे की, दुकान एक नाही. एका दुकानात धीर मिळतो, दुसऱ्यात जाब. घरात दोन्ही लागतात, पण जिरे म्हणून ओवा आणला तर फोडणी बिघडते. ज्याला शिवी द्यायची, त्याचे नाव तरी बरोबर घ्यावे. आणि भाच्यालाही सांगणे आहे. तू स्वतःला उदारमतवादी म्हणवतोस, ठीक आहे. मग तू थांबायला सांगशील तेव्हा कोणाला थांबावे लागते, ते आधी पाहा. उद्या डावा झालास, तरी हरकत नाही. मग तू घाई करशील तेव्हा कोण तुडवले जाते, ते मागे वळून पाहा.

यंदाही दिवाळीला दोघे येणार आहेत. चकल्या पुरेशा कराव्यात, असे घरात सांगून ठेवले आहे.